थंडीतली सायकल: काय टिकवायचे, काय सोडायचे

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे तासभर मागे घेतली जातात आणि सोमवारपासून तिथल्या नोकरदार सायकलस्वाराची संध्याकाळची राइड बंद होते. डिसेंबरात लंडनचा सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. फिनलंडमधल्या औलूला डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जेमतेम साडेतीन तास उजेड असतो. रस्ता ओला, त्यावर मीठ नाहीतर बर्फ, बोटे बधिर, आणि कामावरून घरी येईपर्यंत काळोख. उन्हाळाभर कमावलेला दमसास या चार महिन्यांत टिकवायचा कसा, हा तिकडचा शंभर वर्षांहून जुना प्रश्न आहे. त्याची उत्तरे पिढीगणिक बदलत आली. त्यातली बरीचशी आता मोबाइलवरून आपल्याकडेही पोचतात, आणि डिसेंबर हाच ज्यांचा खरा हंगाम ते पुण्या-नाशिकचे सायकलस्वारही ती जशीच्या तशी पाळू लागतात. म्हणून ही उत्तरे एकदा तपासून घेतलेली बरी.

आधी, जाते काय आणि किती लवकर? एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांचा १९८४ चा प्रयोग यात अजूनही पायाभूत मानला जातो. वर्षानुवर्षे कसून सराव केलेल्या सात खेळाडूंचा सराव त्यांनी ८४ दिवस पूर्ण बंद ठेवला. पहिल्या तीन आठवड्यांतच त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे हल्ली ज्याला त्याला तोंडपाठ असलेली व्हीओटू मॅक्स, सुमारे ७ टक्क्यांनी उतरली. ८४ दिवसांअखेर घट १६ टक्क्यांवर गेली. सुरुवातीची घसरण हृदयाची. रक्तातला द्रवभाग आटतो, त्यामुळे एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त कमी होते. पुढची घसरण स्नायूंच्या आत होते, तिथे प्राणवायू वापरणारी एन्झाइम्स ओसरतात. पण स्नायूंमधले केशवाहिन्यांचे जाळे ८४ दिवसांनंतरही जवळजवळ जसेच्या तसे होते. म्हणजे वर्षानुवर्षांची कमाई एका हिवाळ्यात धुऊन जात नाही. धुऊन जाते ती वरची धार. मार्चमधल्या पहिल्या चढावर जी छाती फुटते, ती या धारेसाठी.

ती धार राखायला किती कष्ट लागतात, याचे उत्तर रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकात दिले, आणि ते ऐकून आळशी माणसाला आनंद व्हावा. त्यांनी लोकांना दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटे घाम गाळायला लावला आणि मग पुढचे पंधरा आठवडे व्यायाम कमी केला. एका प्रयोगात दिवस सहाचे चार किंवा दोन केले, दुसऱ्यात मिनिटे ४० ची २६ किंवा १३ केली. जोर तोच ठेवला तर कमाल क्षमता टिकून राहिली. तिसऱ्या प्रयोगात दिवस आणि मिनिटे तीच ठेवून फक्त जोर एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांशाने उतरवला. तेव्हा मात्र क्षमता घसरली. एक अट इथे विसरू नये: १३ मिनिटांच्या गटाची लांब पल्ल्याची चिकाटी कमी झाली होती. दिवस कापा, वेळ कापा, पण जोर कापू नका, आणि लांब अंतर जायचे असेल तर अधूनमधून लांब बसा, इतका याचा अर्थ.

हे लक्षात घेतले की हिवाळ्याच्या सगळ्यांत जुन्या उपदेशाकडे थोडे संशयाने पाहावेसे वाटते. नोव्हेंबर ते जानेवारी हळूहळू, गप्पा मारता येतील इतक्याच जोराने, फक्त किलोमीटर जमवायचे; पाया रुंद झाला की वसंतात त्यावर मजले चढवायचे. ब्रिटिश क्लबांत तर हिवाळाभर एकाच गिअरची, पाय न थांबवता येणारी सायकल चालवायची रीतच होती. हा उपदेश चुकीचा नाही. तो ज्यांच्यासाठी होता ती माणसे आठवड्याला पंचवीस-तीस तास सायकलवर असत. इतके तास बसणाऱ्याला हळूच जावे लागते. रोज जोर लावला तर तो महिन्याभरात मोडेल. नॉर्वेत काम करणाऱ्या स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या नोंदी चाळून सांगितलेला ८०-२० चा हिशेबही, म्हणजे पाचांपैकी चार सत्रे सोपी आणि एक कठीण, मुळात अशाच लोकांचा आहे. आठवड्याला पाच तास मिळणारा बँकेतला माणूस तेवढे पाचही तास संथ फिरत राहिला तर पायाही रुंद होत नाही आणि धारही जाते. माझ्या मते हौशी सायकलस्वाराचे हिवाळे यानेच सर्वांत जास्त वाया घालवले आहेत.

किती थोड्यात भागते, हे नॉर्वेतल्याच बेंट रोनेस्टाड यांच्या गटाने २०१४ मध्ये सायकलस्वारांवरच तपासले. हंगाम संपल्यानंतरच्या आठ आठवड्यांत एका गटाने फक्त हलका व्यायाम केला. दुसऱ्याने त्यात दर सात ते दहा दिवसांनी एकच जोरकस सत्र घातले. खेळाडू थोडे होते, तेव्हा फार मोठे दावे नकोत. पण ज्यांनी ते एक सत्र सोडले नाही ते पुढच्या हंगामाच्या तोंडावरही पुढेच राहिले.

युरोपने या प्रश्नाला दिलेले सर्वांत रंगतदार उत्तर मात्र प्रयोगशाळेतले नाही. थंडीत रस्त्यावर जाता येत नसेल तर दुसरा खेळ खेळा! सायक्लोक्रॉस त्यातूनच वाढला. शेत, चिखल, कुंपणे, पायऱ्या; जिथे चालवता येत नाही तिथे सायकल खांद्यावर टाकून पळायचे. दानिएल गूसो यांनी १९०२ मध्ये फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. १९१० ची टूर द फ्रान्स जिंकल्यावर ऑक्ताव लापीझने त्याचे श्रेय या चिखलातल्या सरावाला दिले आणि खेळाला प्रतिष्ठा आली. १९५० मध्ये पॅरिसला पहिले जागतिक अजिंक्यपद झाले, ते जिंकणारा जाँ रोबिक हाही टूरचा विजेता होता. आज मॅथ्यू व्हान डेर पूल आणि वाउट व्हान आर्ट ही रस्त्यावरची सर्वांत दणकट नावे याच चिखलातून आलेली आहेत. कारण उघड आहे. सायक्लोक्रॉसची शर्यत तासाभरात संपते, त्या तासात पाय क्षणभरही सैल सोडता येत नाहीत, आणि वेग कमी व पळणे जास्त असल्यामुळे अंग गार पडत नाही. हिक्सनचा नियम या चिखलातल्या सायकलस्वारांना त्याच्या सत्तर-ऐंशी वर्षे आधीच कळलेला होता म्हणायचा.

ज्यांना चिखल नको ते छपराखाली गेले. बंदिस्त लाकडी ट्रॅकवरच्या सहा दिवसांच्या शर्यती हे हिवाळ्यातले उत्पन्नाचे साधनही होते. बेल्जियममधल्या घेंटची अशी शर्यत नोव्हेंबरात भरते. एडी मर्क्ससारखा माणूस उन्हाळाभर सगळे जिंकून झाल्यावर हिवाळ्यात पॅट्रिक सेर्कूबरोबर जोडी करून या ट्रॅकवर उतरत असे. बर्फाच्या देशांत स्केटिंग आणि सायकल यांचे तर सख्खे नाते. वाकलेली पाठ, मांडीचा तोच स्नायू. अमेरिकेचा एरिक हायडेन १९८० च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्केटिंगची पाच सुवर्णपदके घेऊन १९८६ ची टूर द फ्रान्स खेळायला उतरला. पूर्व जर्मनीच्या क्रिस्टा लुडिंग-रोथेनबुर्गरने १९८८ साली फेब्रुवारीत कॅल्गरीला स्केटिंगचे सुवर्ण आणि सप्टेंबरात सोलला सायकल स्प्रिंटचे रौप्य मिळवले. एकाच वर्षी हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन्ही ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवणारी ती एकमेव खेळाडू. हिवाळी आणि उन्हाळी स्पर्धा आता वेगवेगळ्या वर्षी होत असल्याने हा विक्रम मोडणे शक्यच उरलेले नाही.

तिसरे उत्तर घरातले. रोलर म्हणजे तीन दंडगोलांची चौकट. सायकल कुठेही बांधलेली नसते, तोल स्वतःच सांभाळायचा, नजर हलली की चाक दंडगोलावरून खाली. १९७२ मध्ये मेक्सिकोला तासाच्या विक्रमासाठी जाण्यापूर्वी मर्क्सने आपल्या गॅरेजमध्ये रोलरवर, तोंडाला विरळ प्राणवायूचा मुखवटा लावून सराव केला आणि त्या ऑक्टोबरात तासाला ४९.४३१ किलोमीटर काढले. मग मागचे चाक पकडून ठेवणारे ट्रेनर आले, त्यांना संगणक जोडले गेले, आणि २०१४ नंतर झ्विफ्टसारख्या आभासी रस्त्यांनी घरातल्या सायकलीचा कंटाळा निम्मा केला. या पद्धतीची ताकद दाखवणारे उदाहरण २०१६ चे. ऑस्ट्रेलियाच्या ३७ वर्षांच्या मॅथ्यू हेमनचा हात फेब्रुवारी अखेरीस शर्यतीत मोडला. हात गळ्यात बांधून तो गॅरेजमध्ये ट्रेनरवर बसला आणि एप्रिलमध्ये दगडी रस्त्यांची पॅरिस-रूबे, टॉम बूननसारख्याला शेवटच्या वळणानंतर मागे टाकून, पंधराव्या प्रयत्नात जिंकला. डिसेंबर २०२० मध्ये आभासी सायकलिंगचे पहिले जागतिक अजिंक्यपद झाले तेव्हा पुरुषांत जिंकला जेसन ऑस्बोर्न, जो मूळचा नौकानयनपटू. फुफ्फुसे आणि मांड्या तयार असल्या की ट्रेनर त्यांचे माप बिनचूक घेतो. वळण घेणे, गटात चालवणे, उतारावर ब्रेक कधी सोडायचा, यातले काहीही तो शिकवत नाही.

ट्रेनरवरचा एक तास बाहेरच्या दीड तासाइतका वाटतो, त्याचे कारण मानसिक जेवढे तेवढेच भौतिक आहे. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेचा पाव हिस्सासुद्धा पेडलपर्यंत पोचवत नाही. २०० वॅटने पाय मारणारा माणूस त्याच वेळी साधारण ७०० वॅटची उष्णता बाहेर टाकत असतो, म्हणजे खोलीत एक इस्तरी चालू ठेवल्यासारखे. रस्त्यावर ही उष्णता वारा नेतो. खोलीत वारा नसतो, त्यामुळे त्याच जोराला नाडी वर वर सरकत जाते आणि पंचवीस मिनिटांत माणूस हाय खातो. महागड्या ट्रेनरआधी मोठा पंखा घ्यावा, तोही छताचा नव्हे, समोर छातीच्या रेषेत ठेवायचा. हँडलवर टॉवेल टाकला नाही तर घाम थेंबाथेंबाने हेडसेटवर, म्हणजे हँडल वळवणाऱ्या सांध्यावर, उतरतो आणि दोन-तीन महिन्यांत तिथले बोल्ट गंजून बसतात. सायकल बाहेर न नेताही ती पावसात नेल्यासारखी खराब होते. चाकावर घासणारा स्वस्त ट्रेनर असेल तर मागचा टायर चपटा होतो, म्हणून जुना टायर चढवावा. आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने खाली जाड रबरी मॅट घालावीच. पहाटे साडेपाचला स्लॅबमधून उतरणारी घरघर खालच्या मजल्यावरच्या काकांना तुमच्या व्हीओटू मॅक्सविषयी काही सांगत नाही.

वजन उचलण्याविषयी सायकलस्वारांत बराच काळ नावड होती. मांड्या फुगतील, चढावर ओझे होईल, वगैरे. रोनेस्टाड यांच्याच २०१० च्या अभ्यासाने ती भीती बरीचशी घालवली. बारा आठवडे आठवड्यातून दोनदा जड वजनाचा व्यायाम आणि नंतर हंगामात आठवड्यातून एकदाच तो राखायचा. इतके करणारे सायकलस्वार नुसतेच सायकल चालवणाऱ्यांच्या पुढे गेले. जड म्हणजे खरोखर जड, चार ते दहा वेळाच उचलता येईल असे. आपल्याकडच्या जोर-बैठका उत्तम, पण शंभर बैठका काढणे हे पेडल मारण्यासारखेच चिकाटीचे काम आहे; ताकद त्याने एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. हाडांचा मुद्दा तर सायकलस्वार कानाआड करतात. सायकलवर वजन खोगीर पेलते, हाडांना धक्का बसत नाही, आणि त्यामुळे फक्त सायकलच चालवणाऱ्यांच्या कण्याच्या हाडांची घनता कमी आढळते. चाळिशीनंतर, विशेषतः बायकांनी, वर्षातले काही महिने तरी वजने उचलणे, दोरीउड्या मारणे किंवा डोंगर चढणे हे सायकलीइतकेच गांभीर्याने घ्यायला हवे.

राहिले ते थंडीत बाहेर जाणारे. औलूत लोक उणे वीसमध्येही सायकलने कामावर जातात. त्याचे कारण त्यांचे रक्त वेगळे आहे असे नाही. तिथे सायकलमार्गांवरचा बर्फ पहाटेच साफ करून दाबून ठेवतात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये तिथेच भरली. बाकीच्यांसाठी हिशेब वाऱ्याचा असतो. हवा शून्य अंशावर असताना ताशी २५ किलोमीटरने गेलात तर अंगाला उणे सहासारखे लागते. धड गरमच राहते, कारण काम तेच करत असते; जातात ती बोटे, कान आणि गुडघे. जुने खेळाडू घाटमाथ्यावर जर्सीत वर्तमानपत्र खुपसून उतरत, ते आजही चालते. कोरडी थंड हवा जोराने ओढली की श्वासनलिका आकसतात, म्हणून दमेकऱ्यांनी कडाक्याच्या थंडीतली वेगवान सत्रे घरातच करावीत. आणि २४ ते ३१ डिसेंबर या आठ दिवसांत ५०० किलोमीटर पुरे करण्याचे जे आव्हान जगभर चालते, ते दोन महिने सायकलला हात न लावलेल्याने घेऊ नये. त्यातून तंदुरुस्ती मिळत नाही, गुडघेदुखी मिळते.

आता घरची गोष्ट. महाराष्ट्रात डिसेंबर-जानेवारीत पहाटे निफाडचा पारा एखाद्या वर्षी पाचाच्या खाली जातो, नागपूरही गारठते, पण दहा वाजेपर्यंत सगळीकडे सायकलला याहून चांगली हवा वर्षभरात मिळत नाही. पुणे ते गोवा सुमारे ६४० किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर नोव्हेंबरात होते, २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइड, याच दिवसांत दाट लागतात, आणि पुणे ग्रँड टूर ही शर्यत २०२६ च्या जानेवारीत झाली, ते उगाच नाही. तरीही डिसेंबर आला की आपल्याकडचे लोक युरोपी वेळापत्रक उघडून विश्रांतीचा महिना पाळतात आणि एप्रिलच्या उन्हात जोर लावायला निघतात. हे उलटे आहे. आपला हिवाळा म्हणजे पावसाळा. कोकणात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मान्सून येतो, ऑक्टोबरात परततो. तिकडच्या बर्फाइतकेच चार महिने. घाटात दरडी, शहरात पाण्याखाली दडलेले खड्डे, साखळीला दोन दिवसांत गंज. युरोपने थंडीसाठी शोधलेले सगळे उपाय आपण जून ते सप्टेंबर वापरायचे आहेत.

ज्यांची नजर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या राइडवर आहे त्यांना तर हे टाळताच येणार नाही. १,२०० किलोमीटर, नव्वद तास, दर चार वर्षांनी, आणि महिना ऑगस्ट! पात्रतेच्या ब्रेव्हे पावसाआधी उरकायच्या, जून-जुलै पावसात जातो आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये उभे राहायचे. लांब अंतराची सवय नुसत्या छोट्या सत्रांनी टिकत नाही, हे हिक्सनच्या १३ मिनिटांच्या गटाने दाखवलेच आहे. पुढची फेरी २०२७ ची. तिच्यासाठी आठवड्यात दोन जोरकस सत्रे घरात, एक दिवस वजने, आणि पाऊस उघडेल त्या रविवारी घाटाच्या अलीकडच्या, सोलापूरकडच्या कोरड्या रस्त्यांवर लांब पल्ला, असे काहीतरी बांधावे लागेल. सायकल अगदीच शक्य नसेल तेव्हा पाठीवर ओझे घेऊन सिंहगड चढावा. आपले सायक्लोक्रॉस ते हेच.

आपल्या थंडीचे दोन धोके मात्र युरोपी पुस्तकात सापडत नाहीत. पहिला हवेचा. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर सरकत नाही, धूर आणि धूळ खालीच कोंडतात, आणि जोर लावलेला सायकलस्वार स्वस्थ बसलेल्या माणसाच्या दहापट हवा ओढत असतो. पहाटेची शिस्त चांगली, पण पुण्या-मुंबईत जानेवारीत सकाळी सात-आठला मुख्य रस्त्यावर जोराचे सत्र करण्यापेक्षा ते उन्हे वर आल्यावर, नाहीतर शहराबाहेर करावे. दुसरा धोका उसाचा. गाळप हंगाम सुरू झाला की सातारा, सांगली, कोल्हापूर, नगरच्या रस्त्यांवर रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालतात. अनेकींना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टरवर चिखल असतो, आणि दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या असतात. रात्रीच्या ब्रेव्हेत पुढचा दिवा दूरवर पोचणारा हवा, आणि कारखान्यांच्या पट्ट्यात गटानेच चालवावे.

न्यू जर्सी, टोरांटो, म्युनिकमध्ये राहणाऱ्या मराठी सायकलस्वारांना वरचा सगळा युरोपी आढावा जसाच्या तसा लागू आहे. त्यांनी दर आठवड्याचे एक जोरकस सत्र आणि एक दिवस वजने एवढे सोडू नये, बाकी थंडीत आराम केला तरी चालेल. महाराष्ट्रातल्यांनी दसऱ्याला ट्रेनर पुसून माळ्यावर टाकावा. हवा फारच वाईट असलेली एखादी सकाळ वगळता ऑक्टोबर ते फेब्रुवारी आपल्याकडे घरात सायकल चालवायला काही कारण नाही.